जुनी मोटारगाडी वारंवार का बंद पडते?

(वाहनधारकांच्या मार्गदर्शन शिबिरात दिलेले व्याख्यान)



आज ज्या विषयावर बोलण्यासाठी आपण मला पाचारण केले आहे, तो वरकरणी किरकोळ वाटण्याचा संभव आहे. घरची जुनी गाडी चालता चालता बंद पडते, दहा-पंधरा मिनिटांनी काही न करता सुरू होते आणि गॅरेजमध्ये नेली की शहाण्या मुलासारखी वागते. मग कोणी बॅटरी बदलण्याचा सल्ला देतो, कोणी कॉईल, कोणी कार्बोरेटर. एकामागून एक सुटे भाग बदलले जातात, पैसा जातो आणि पहिल्या पावसात गाडी पुन्हा रस्त्यात उभी राहते. हा अनुभव येथे बसलेल्या अनेकांना असेल.

परंतु ही केवळ गैरसोयीची गोष्ट नव्हे. सत्तरीतील एखाद्या वाड्यावरून मध्यरात्री रुग्णाला बांबोळीच्या गोमंतक वैद्यकीय महाविद्यालयात न्यावयाचे असते, तेव्हा दारातील जुनी गाडी हाच त्या घराचा आधार असतो. चोर्ला घाटात धुके उतरलेले असताना, अवघड वळणावर दिव्यांसह गाडी निपचित पडली, तर मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकास ती दिसेलच असे नाही. म्हणून वारंवार उद्भवणारा दोष शोधावा कसा, याचा आज आपण शांतपणे विचार करू.

जुन्या गाड्यांचा परिवार

आपल्याकडे ज्यांना जुन्या कौटुंबिक गाड्या म्हणता येईल त्यांत तीन नावे प्रामुख्याने येतात. पहिली ॲम्बॅसेडर, १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. दुसरी, इटलीच्या फियाट ११०० वरून कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागलेली व १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव धारण करणारी. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली; तथापि खाजगी मालकांनी प्रेमाने जपलेल्या पद्मिनी अद्याप दिसतात. तिसरी मारुती ८००. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि २०१४ च्या आरंभी तिचेही उत्पादन बंद झाले.

या गाड्यांची घडण वेगवेगळी असली तरी इंजिनाच्या गरजा त्याच आहेत. हवा, योग्य प्रमाणात पेट्रोल आणि योग्य क्षणी ठिणगी, या तिन्ही गोष्टी मिळाल्या की इंजिन चालते. एक जरी तुटली तरी ते थांबते. हवेचा मार्ग सहसा एकाएकी बंद होत नाही. म्हणजे बंद पडलेल्या गाडीपुढे उभे राहिल्यावर पहिला प्रश्न एकच असतो : ठिणगी गेली की पेट्रोल गेले?

गाडी कशी थांबली, हाच पहिला पुरावा

या प्रश्नाचे अर्धे उत्तर गाडी थांबतानाच देत असते. परंतु आपण त्या वेळी गडबडून गेल्यामुळे ते ऐकत नाही.

इंजिन एका क्षणात, दिवा विझावा तसे बंद झाले, आणि त्याच वेळी डॅशबोर्डवरील दिवेही गेले, तर दोष वीजपुरवठ्याच्या मुख्य मार्गावर आहे असे समजावे : बॅटरीचे टर्मिनल, मुख्य तार, मुख्य फ्यूज किंवा इग्निशनच्या चावीचा स्विच. दिवे कायम राहिले पण इंजिन एकदम गेले, तर ठिणगी निर्माण करणाऱ्या यंत्रणेवर संशय घ्यावा. याउलट गाडी आचके देत, दम लागल्यासारखी कुंथत, हळूहळू थांबली, तर पेट्रोलचा मार्ग आधी तपासावा. या खुणा बहुतांशी खऱ्या ठरतात. निर्णय मात्र तपासणीनंतरच करावा.

दुसरा पुरावा परिस्थितीचा. गाडी थंड असताना थांबली की तापल्यावर? पावसात की उन्हात? खड्ड्यात आदळल्यावर, दिवे लावल्यावर, की टाकी निम्मी झाल्यावर? या प्रश्नांची उत्तरे एका साध्या वहीत लिहून ठेवावीत. तारीख, वेळ, हवामान, किती किलोमीटर चालल्यावर बंद पडली आणि किती वेळाने सुरू झाली, एवढ्या पाच नोंदी पुरेत. तीन-चार प्रसंगांच्या नोंदी झाल्या की त्यांतील साम्य आपोआप दिसू लागते. वैद्याकडे गेलेला रोगी ताप केव्हा चढतो आणि केव्हा उतरतो हे सांगतो, तसेच हे आहे. जो दोष गॅरेजमध्ये दिसत नाही, त्याच्याविषयी मिस्त्रीला मिळू शकणारी माहिती केवळ मालकाजवळच असते.

जोड आणि अर्थिंग

आता विजेकडे वळू. आपल्या प्रदेशात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. किनाऱ्यालगत खारा वारा आहे. फेरीबोटीच्या धक्क्यावर खाडीचे पाणी चाकांखाली येते. या हवेत तांबे हिरवे पडते आणि लोखंड गंजते. त्यात घरातील मंडळी आखाती देशांत किंवा मुंबईस असल्यामुळे अनेक गाड्या महिनोन्महिने उभ्या असतात आणि पावसाळ्यात आसरा शोधणारे उंदीर तारांवरील आवरण कुरतडतात. अशा जुन्या गाडीत विजेचा दोष शोधताना महागड्या भागांपूर्वी जोड तपासणे, हा शहाणपणाचा मार्ग होय.

जोड किंचित खराब झाल्याने एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमात आहे. 'सेल्फ' मारताना लहान गाडीचा स्टार्टरसुद्धा १०० ॲम्पिअर वा त्याहून अधिक प्रवाह ओढतो. टर्मिनलवर क्षार साचून तेथे केवळ एक शतांश ओहम इतका रोध उत्पन्न झाला, तरी १०० ॲम्पिअरला एक व्होल्ट वाया जातो. असे दोन-तीन जोड असले की १२ व्होल्टच्या बॅटरीतील बराचसा दाब वाटेतच संपतो. बॅटरी नवी असूनही सेल्फ जड फिरतो आणि मालक म्हणतो, नवी बॅटरीसुद्धा खराब निघाली!

यांतील सर्वांत दुर्लक्षित जोड म्हणजे अर्थिंगचा. बॅटरीची ऋण बाजू गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते. इंजिन मात्र रबरी गाद्यांवर बसविलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन व सांगाडा यांना जोडणारी विणलेल्या तारांची पट्टी अत्यावश्यक असते. ती तुटली, गंजली किंवा डेंटिंग-पेंटिंगच्या वेळी तिच्या बोल्टखाली रंग गेला, की प्रवाह परत जाण्यासाठी भलता मार्ग शोधतो. कधी तो ॲक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या केबलमधून जातो आणि ती केबल हाताला चटका बसण्याइतकी तापते. इंडिकेटर लावताच दुसरे दिवे मंद होणे, ब्रेक दाबताच काटे हलणे, ही चमत्कारिक लक्षणे बहुधा सदोष अर्थिंगची असतात.

याची तपासणी साध्या मल्टीमीटरने होते. मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर धरावी आणि सोबत्याला सेल्फ मारावयास सांगावे. काटा अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा त्यापुढे गेला, तर तो मार्ग निश्चित खराब आहे. उपायही स्वस्त आहे : बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवावे, जोड पॉलिश पेपरने चकचकीत घासावा, घट्ट आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. जोडताना ऋण टोक शेवटी जोडावे.

बॅटरी आणि चार्जिंग

जोड स्वच्छ झाल्यावरच बॅटरीचा न्याय करावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब असेल तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ असेल तर साधारण निम्मी. १२ च्या खाली गेली तर रिकामी होत आली आहे. इंजिन मध्यम वेगाने चालू असताना हाच आकडा साधारणपणे १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावा. तो १२.६ वरच राहिला, तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडलेला असून तो बॅटरीचे पाणी आटवून टाकील. एवढ्या तीन आकड्यांनी बॅटरी दोषी की आल्टर्नेटर, या नित्याच्या वादाचा बव्हंशी निकाल लागतो.

ज्या फार जुन्या गाड्यांत आल्टर्नेटरऐवजी डायनॅमो आहे, त्यांच्या मालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंजिन संथ चालत असताना डायनॅमो जवळजवळ काहीच वीज देत नाही. पावसाळी रात्री वाहतुकीत अडकलेल्या गाडीचे दोन हेडलाईटच सुमारे १० ॲम्पिअर घेतात. त्यात वायपरची भर. ही सर्व वीज बॅटरीतून जाते. असे चार दिवस झाले आणि मध्ये लांबचा प्रवास घडला नाही, तर पाचव्या दिवशी गाडी सुरू होत नाही. येथे कोणताही भाग बिघडलेला नसतो. बॅटरीत वीज पडते कमी आणि खर्च होते अधिक, इतकेच. फॅन बेल्ट सैल असेल तरीही हेच घडते. बेल्टच्या लांब बाजूवर अंगठ्याने दाबल्यास तो साधारण एक सेंटिमीटर दबावा. त्याहून फार अधिक नको.

अजून काही ठिकाणी चालणाऱ्या एका प्रथेविषयी सावध करणे माझे कर्तव्य आहे. चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून 'गाडी चालू राहते का' हे पाहण्याची ही पद्धत डायनॅमोच्या काळातील आहे. आल्टर्नेटर असलेल्या गाडीत असे केल्यास दाब एकदम उसळतो आणि आल्टर्नेटरमधील डायोड, रेग्युलेटर, किंबहुना नव्या गाडीतील नियंत्रक संगणकही जळू शकतो. मीटर असताना हा धोका पत्करण्याचे कारण नाही.

तसेच, फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याजागी तांब्याची जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळणे, हा आगीला दिलेला आमंत्रणाचा विडाच होय. फ्यूज जातो तो कोठेतरी तार घासून सांगाड्याला लागते म्हणून. ती तार शोधणे हाच त्यावरील उपाय आहे.

ठिणगीचा मार्ग

कार्बोरेटरच्या काळातील बहुतेक गाड्यांत डिस्ट्रिब्यूटर, पॉइंट, कंडेन्सर व कॉईल ही चौकडी ठिणगी निर्माण करते. पॉइंट उघडताच कॉईल १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते आणि रोटर ती वीज एकेका प्लगकडे धाडतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना सेकंदाला १०० ठिणग्या पडतात, म्हणजे पॉइंट तितक्याच वेळा उघडझाप करतात. एवढे काम करणाऱ्या त्या इवल्याशा धातूच्या टिकल्या झिजणारच. त्यांतील अंतर सामान्यतः ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा.

या चौकडीत दोन भाग असे आहेत की जे थंड असताना निर्दोष व तापल्यावर सदोष ठरतात : कॉईल आणि कंडेन्सर. उष्णतेने आतील आवरण कमकुवत झाल्यास ठिणगी क्षीण होते वा नाहीशी होते. गाडी निवली की परत येते. 'वीस किलोमीटरनंतर बंद, वीस मिनिटांनी चालू' अशी नोंद वहीत सापडली तर यांचा विचार करावा. पण तपासणी गाडी बंद पडलेली असताना, त्याच जागी, झाली पाहिजे. जवळ एक जादा प्लग ठेवावा. तो प्लगच्या तारेला जोडून त्याचे धातूचे अंग इंजिनाला घट्ट टेकवावे, हात दूर ठेवावा, जवळपास पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री करावी आणि सेल्फ मारावा. निळसर, कडक ठिणगी दिसली तर विजेकडे संशयाने पाहण्याचे कारण बहुधा उरत नाही. पिवळट, मरगळलेली दिसली किंवा दिसलीच नाही, तर दोष विजेचा.

पावसात बंद पडणाऱ्या गाडीचे मर्म निराळे. डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाला आतून दमटपणा आला किंवा बारीक तडा गेला की वीज प्लगकडे जाण्याऐवजी ओल्या पृष्ठभागावरून पळते. झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसले की गाडी सुरू होते. परंतु आत पेन्सिलीने ओढल्यासारख्या काळ्या रेघा दिसल्या, तर ते झाकण बदलणेच इष्ट. काळोख्या रात्री बॉनेट उघडून चालू इंजिनाकडे लांबूनच पाहिले, तर जीर्ण तारांवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात.

पेट्रोलचा मार्ग

रायबंदरहून चोडणला फेरीबोटीने जाणारे अनेकजण सांगतात की गाडी बोटीवर चढेपर्यंत उत्तम चालते, पैलतीरी मात्र सुरू होत नाही. याचे कारण ध्यानी घेण्यासारखे आहे. इंजिन बंद केल्यावर पंख्याचा वारा थांबतो, पण इंजिनाची धग काही वेळ तशीच राहते. ती पेट्रोल-पंप, नळी व कार्बोरेटर यांना तापविते आणि आतील पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ढकलू शकत नाही. ओले फडके पंपावर ठेवण्याचा टॅक्सीवाल्यांचा जुना उपाय याच तत्त्वावर आधारलेला आहे आणि तो शास्त्रशुद्ध आहे. कायमचा उपाय म्हणजे नळी इंजिनाच्या गरम भागापासून दूर बांधणे व मूळची उष्णतारोधक पत्रा-गादी निघाली असल्यास पुन्हा बसविणे.

दुसरे कारण टाकीच्या झाकणाचे. पेट्रोल खर्च होते तशी टाकीत हवा यावी लागते. तिची वाट बुजली की टाकीत पोकळी निर्माण होते आणि पंप हरतो. गाडी थांबताच झाकण उघडावे. हवा आत ओढल्याचा 'सुस्स' आवाज येऊन गाडी सुरू झाली, तर दोष सापडला. तिसरे कारण टाकीतील गंज व गाळ. तो जेटमध्ये अडकतो, इंजिन थांबल्यावर खाली बसतो आणि गाडी पुन्हा चालते.

अलीकडील एक बदलही लक्षात घ्यावा. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले आणि आता ते सर्वत्र मिळते. इथेनॉल पाणी शोषून घेते, जुन्या धर्तीच्या रबरी नळ्या व वॉशर मऊ पाडते आणि त्यात प्राणवायू असल्याने कार्बोरेटरचे मिश्रण थोडे विरळ होते. म्हणून जुन्या गाडीच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या जातीच्या घालाव्यात, फिल्टर वेळेवर बदलावा आणि अनेक महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत तेच पेट्रोल साठवू नये. चिरलेल्या नळीतून गळणारे पेट्रोल आणि जीर्ण तारेची ठिणगी एकत्र आली, तर काय होईल हे सांगावयास नको.

२००० सालच्या उत्सर्जन मानकांनंतर कार्बोरेटर मागे पडला व संगणकाने नियंत्रित होणारी एम.पी.एफ.आय. पद्धत आली. या गाड्याही आता वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या आहेत. त्यांत पॉइंट नाहीत. पण क्रँकचा वेग सांगणारा सेन्सर तापल्यावर मुका होणे, रिलेचा जोड जळणे, थ्रॉटलमध्ये काजळी साचून सिग्नलपाशी इंजिन थांबणे, हे दोष आढळतात. ज्या गाड्यांत सोय आहे, तेथे संगणकातील दोषांक आधी वाचून घ्यावेत. तथापि दोषांक सेन्सरचे नाव सांगतो म्हणून सेन्सरच खराब, असे नव्हे. त्याची तार अथवा अर्थिंगही तुटलेले असू शकते. जोड आधी, हा नियम येथेही लागू आहे.

मालक आणि मिस्त्री

आता थोडे व्यवहाराविषयी. अंदाजाने भाग बदलण्यास केवळ मिस्त्री जबाबदार असतो असे मला वाटत नाही. 'संध्याकाळपर्यंत गाडी द्या' असा आपला आग्रह असतो; दोष शोधण्यात गेलेल्या चार तासांची मजुरी देण्यास आपण कुरकुरतो, पण नव्या भागाचे बिल निमूटपणे भरतो. मग तपासणीपेक्षा बदल करणेच त्याला परवडते. मालकाने वही दाखवावी, शोधण्याची मजुरी आनंदाने द्यावी, एका वेळी एकच भाग बदलून परिणाम पाहावा, आणि काढलेला जुना भाग मागून घ्यावा. दोन भाग एकदम बदलले की दोष कोणाचा होता हे कधीच कळत नाही.

गाडी रस्त्यात बंद पडलीच, तर चालकाने घाबरू नये. इंजिन गेले की स्टिअरिंगला शक्तीची जोड असल्यास ते जड होते. ब्रेकला व्हॅक्यूमची मदत असेल तर ती एक-दोन वेळाच मिळते. म्हणून ब्रेक पुन्हापुन्हा न दाबता एकदाच दाबून धरावा आणि गाडी डाव्या कडेला घ्यावी. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी 'लॉक'वर नेऊ नये. धोक्याचा त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवावा. मुलांना व वृद्धांना रस्त्यापासून दूर उभे करावे. रेल्वे फाटकात गाडी अडकली तर प्रथम माणसे बाहेर काढून रुळांपासून दूर न्यावीत व फाटकवाल्यास तत्काळ सांगावे. गाडीचा विचार नंतर.

शेवटी, १५ वर्षांनंतर खाजगी मोटारीची नोंदणी तपासणी होऊन ५ वर्षांसाठी नूतनीकृत होते, हे आपण जाणताच. त्या तपासणीकडे अडथळा म्हणून न पाहता संधी म्हणून पाहावे. त्यापूर्वी एक दिवस काढून सर्व टर्मिनल, अर्थिंगच्या पट्ट्या, फ्यूजपेटी व पेट्रोलच्या नळ्या तपासून घ्याव्यात. सांगाडाच गंजून पोखरला असेल, तर भावनेला आवर घालून गाडीला निरोप द्यावा. पण सांगाडा शाबूत असेल, तर दोन-चार मळक्या जोडांपायी चांगली गाडी भंगारात घालण्याचे किंवा तिच्यावर नवे भाग ओतत राहण्याचे प्रयोजन नाही.

गावातील शिक्षकबंधूंना एक विनंती करतो. ओहमचा नियम शिकविताना मुलांना एक मल्टीमीटर द्या आणि शाळेच्या अंगणात उभ्या असलेल्या एखाद्या गाडीची बॅटरी मोजू द्या. त्या मुलांपैकी कोणी पुढे आपल्याच घरची गाडी भर पावसात चालू ठेवील, आणि कदाचित त्या रात्री त्या गाडीतून कोणा रुग्णाला नेले जात असेल.

ज्यांनी आपल्या गाड्या सोबत आणल्या आहेत, त्यांनी बॉनेट उघडून ठेवावे. मीटर येथे आहेच.